चौथा अंक

समीक्षा हा माझा प्रांत नव्हे. माझा प्रांत म्हणजे बचत खात्यांचा काउंटर, खिडकी नंबर तीन. बी.कॉम. झालेल्या माणसाने ताळेबंदाची समीक्षा करावी, ग्रंथांच्या वाटेला जाऊ नये, असा माझा साधा हिशेब होता. तो एकदाच मोडला. आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेत वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या कवितासंग्रहावर मी आठ ओळींचं परीक्षण लिहिलं. त्यात ‘कागद चांगला आहे’ हे वाक्य मी अगदी मनापासून, कौतुकाने लिहिलं होतं. ते गृहस्थ अजून लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ करून उभे राहतात, आणि आमची लिफ्ट फार सावकाश चालते.

असं असताना आज मी आठशेहून अधिक पानांच्या एका इंग्रजी ग्रंथाचं परीक्षण करायला बसलो आहे. ग्रंथाचं नाव ‘एक्सयुनिट टेस्ट पॅटर्न्स’. लेखक जेरार्ड मेझारोस. प्रकाशन २००७. विषय, कॉम्प्युटरच्या प्रोग्रामची परीक्षा घेणारे प्रोग्राम कसे लिहावेत हा. असलं पुस्तक मी आपणहून हातात घेतलं नसतं. पण त्यातलं एक प्रकरण रात्री एक वाजून दहा मिनिटांनी आमच्या डोंबिवलीच्या घरात शिरलं.

शिरलं ते भाच्याच्या पाठोपाठ. आमचा भाचा ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत टेस्टर आहे. आमच्या ताईने ही नोकरी मला पहिल्यांदा समजावून सांगितली ती अशी : “दुसऱ्याच्या कामात चुका काढायच्या. त्याचा पगार मिळतो.” त्यावर आमची ही म्हणाली, “अगंबाई! म्हणजे तुमच्या घराण्यात बाकीचे सगळे इतकी वर्षं फुकटच राबतायत की!”

ताई कल्याणला राहते. भाच्याला ठाण्याहून उशीर झाला की तो वाटेतच आमच्याकडे उतरतो. त्या रात्री शेवटच्या गाडीने आला, गार आमटीभात पुढ्यात घेतला आणि पहिला घास हातातच धरून म्हणाला,

“मामा, टेस्ट हिरवी होती रे.”

ऑपरेशन यशस्वी झालं पण पेशंट गेला, हे सांगताना डॉक्टरचा जो आवाज होतो तो आवाज होता.

हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. पुढची हकिगत मला कळली तशी सांगतो. त्यांची कंपनी पतपेढ्यांसाठी प्रोग्राम बनवते. रोज रात्री अडीच वाजता, माणसं झोपलेली असताना, एक प्रोग्राम उठतो आणि दुसऱ्या प्रोग्रामची परीक्षा घेतो. एक खोटा ठेवीदार निर्माण करतो, त्याच्या नावावर खोटी लाख रुपयांची ठेव ठेवतो, आणि म्हणतो, ‘काढ याचं इंटरेस्ट सर्टिफिकेट.’ सर्टिफिकेटची फाइल तयार झाली का ते बघतो. झाली असेल तर हिरवा दिवा. मग तो ठेवीदार, ती ठेव आणि ती फाइल पुसून टाकायची आणि जागा होती तशी करून ठेवायची.

हे शेवटचं पुसून टाकणं भाच्याने लिहिलं नव्हतं. “नंतर लिहू म्हटलं,” तो म्हणाला. मला त्याचा राग आला नाही. ‘नंतर लिहू’ या दोन शब्दांवर आमच्या बँकेतली कितीतरी कपाटं उभी आहेत.

फाइली साठत गेल्या. रोज रात्री थोड्या थोड्या, कुणाच्या डोळ्यांवर न येता. कल्याणकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. रोजचं थोडं थोडं साठून काय होतं ते त्यांनी आधारवाडीच्या डंपिंग ग्राउंडवर पाहिलं आहे, आणि वारा फिरला की हुंगलंही आहे. २०२१ साली तिथे कचरा टाकणं एकदाचं बंद झालं तोवर त्याची टेकडी झाली होती. कंपनीतली टेकडी दिसत नव्हती, एवढाच फरक. एका सकाळी सर्व्हरने जागा शिल्लक नसल्याचं जाहीर केलं आणि अंग टाकलं. भाच्याच्या साहेबांनी वैतागून जुन्या फाइली उडवल्या. सर्व्हर उठून बसला. आणि त्याच रात्री इतके दिवस हिरवी असलेली टेस्ट लाल झाली.

“का?” मी विचारलं.

“कारण ती खोटंच बोलत होती. मध्यंतरी कुणीतरी ज्येष्ठ नागरिकांच्या व्याजदरात दुरुस्ती केली, आणि त्यांची सर्टिफिकेटं निघायचीच बंद झाली. टेस्ट रोज विचारायची, सर्टिफिकेटची फाइल आहे का? असायची ना! मागची राहिलेली. तीच बघून ती हिरवी व्हायची.”

तोवर तो प्रोग्राम एका पतपेढीत जाऊन पोचलाही होता. आणि महिना होता जुलै.

जुलै महिना म्हणजे काय, ते काउंटरच्या आतल्या माणसाला विचारा. रिटर्न भरायची तारीख जवळ आलेली असते. सत्तरीचे गृहस्थ प्लॅस्टिकच्या पिशवीत पिशवी, तिच्यात पाकीट, त्यात पासबुक असा बंदोबस्त करून सकाळी नवालाच दारात उभे राहतात. त्यांना एक कागद हवा असतो. तो मिळाला नाही तर ते भांडत नाहीत. ‘उद्या येऊ का?’ म्हणतात. हे ‘उद्या येऊ का’ मी वीस वर्षं ऐकतो आहे, आणि अजून त्याची सवय झालेली नाही. त्या पतपेढीत हा प्रश्न किती जणांनी किती दिवस विचारला असेल कोण जाणे. भाच्याला मी हे बोललो नाही. त्याचा घास अजून हातातच होता.

“उद्या दहाला मीटिंग आहे,” तो म्हणाला. मग पाठीवरच्या पिशवीतून त्याने हा ग्रंथ काढून टेबलावर ठेवला. टेबल हललं. “यात सगळं लिहिलंय, मामा. कंपनीने जॉइन होताना दिला होता. मी शेवटचा भाग वाचलाच नाही.”

तो झोपला. मला झोप येईना, म्हणून मी वाचायला घेतला. त्या रात्री चाळला आणि पुढे दीड महिना लोकलमध्ये वाचला. उभ्याने वाचायला तो जड आहे. बसायला मिळालं तर मांडीवर डबा, डब्यावर ग्रंथ, ही मांडणी बरी पडते. या वयात मी कसल्याशा स्पर्धा परीक्षेला बसतो आहे असा डब्यातल्या मंडळींचा समज झाला. ठाण्याला चढणाऱ्या एका सद्गृहस्थांनी तर ‘वयाची अट शिथिल केली वाटतं?’ असं सहानुभूतीने विचारलं.

आता ग्रंथाकडे वळतो.

मेझारोस म्हणतात, प्रत्येक टेस्टचे चार भाग असतात. सेटअप, एक्सरसाइज, व्हेरिफाय आणि टेअरडाउन. मराठीत सांगायचं तर मांडा, वापरा, तपासा, आवरा. आपल्या नाटकाला तीन अंक पुरतात. तिसऱ्या अंकात खलनायकाचं पितळ उघडं पडलं की प्रेक्षक उठतो आणि रिक्षाच्या रांगेकडे धावतो. टेस्टचं पितळही तिसऱ्या अंकातच उघडं पडतं. पण पडदा पडल्यावर नेपथ्य उतरवावं लागतं, कारण त्याच रंगमंचावर अर्ध्या तासाने दुसऱ्या कंपनीचा प्रयोग असतो. हा चौथा अंक प्रेक्षक बघत नाही, त्यामुळे लेखक तो लिहीत नाही. आमच्या भाच्याचं तेच झालं.

आवरण्यासाठी वेगळी जागा राखून ठेवायची पद्धत या ग्रंथाहून जुनी आहे. १९९७ साली केंट बेक आणि एरिक गॅमा हे दोघे झुरिकहून अटलांटाला एका परिषदेसाठी विमानाने निघाले होते. त्या प्रवासात त्यांनी मिळून ‘जेयुनिट’ नावाची टेस्ट लिहिण्याची चौकट उभी केली. तिच्यात सुरुवातीची मांडामांड एका ठिकाणी आणि शेवटची आवराआवर दुसऱ्या ठिकाणी लिहायची सोय होती. दोन माणसांनी प्रवासात केवढं काम केलं! आमच्या डोंबिवलीच्या फास्ट गाडीत दोन माणसांना मिळून एक वर्तमानपत्र वाचता येतं, तेही चार घड्या घातलेलं, आणि त्यात तिसऱ्याचं डोकं असतं.

मेझारोस यांनी पुस्तकभर एक उदाहरण चालवलं आहे, ते विमानतळांचं. टेस्टमध्ये एका ओळीत विमानतळ निर्माण होतो, दोन ओळींत त्यावरची उड्डाणं तपासतात आणि पुढच्या ओळीत तो विमानतळ नाहीसा करतात. वाचून मी चकित झालो. नवी मुंबईच्या विमानतळाची पायाभरणी २०१८ मध्ये झाली आणि उद्घाटन २०२५ मध्ये. एवढ्या वेळात मेझारोस यांनी सबंध जगाचे विमानतळ बांधून, वापरून, परत काढून जागा सपाट करून दिली असती.

ग्रंथाची भाषा रुक्ष असेल अशी माझी अपेक्षा होती. पण या गृहस्थांना नावं ठेवण्याचं अंग आहे. चांगल्या पद्धती त्यांनी ६८ सांगितल्या आहेत आणि टेस्टला येणारे ‘वास’ १८. होय, वासच. फ्रिज उघडल्याबरोबर काहीतरी बिघडलंय हे कळतं पण नेमकं कुठल्या डब्यात ते कळत नाही, तशी अवस्था. एक टेस्ट आहे ‘लोनली टेस्ट’, एकाकी. ती चारचौघींत चालवली तर पास होते, एकटी चालवली की नापास, कारण आधीच्या टेस्टने मागे ठेवलेल्या सामानावर तिचा संसार चाललेला असतो. आमच्या बँकेत असे दोन अधिकारी मी पाहिले आहेत. ‘मिस्टरी गेस्ट’ म्हणजे टेस्टला लागणारी, पण तिच्यात कुठेही न दिसणारी बाहेरची फाइल. लग्नाच्या पंगतीत रोज नवा सूट घालून जेवणारा पाहुणा, जो वधूकडचा नसतो आणि वराकडचाही नसतो. ‘टेस्ट रन वॉर’ म्हणजे एकच सामान दोघांनी एकाच वेळी वापरायला घेतल्यावर होणारी लढाई. याचं स्पष्टीकरण वाचण्याची मला गरज पडली नाही. आमच्या शाखेत पासबुक छापायचं मशीन एकच आहे.

हे सगळे वास मुळात एकाच गोष्टीचे आहेत. आधीच्याने मागे काहीतरी ठेवलं. मंगल कार्यालयात दुपारी चारला पहिल्या वऱ्हाडाने हॉल सोडायचा आणि पाचला दुसऱ्याने घ्यायचा असतो. पहिल्यांच्या चार अक्षता राहिल्या तर बिघडत नाही. पण पहिल्यांच्या नवरीचं नाव दाराच्या कमानीवर तसंच राहिलं, तर दुसऱ्यांचे पाहुणे पाकीट भलत्याच हातात देऊन आणि जेवून घरी जातात, आणि कार्य उत्तम झालं म्हणून सांगतात. भाच्याची टेस्ट रोज रात्री अशीच भलत्या लग्नात जेवून येत होती.

एवढं रसग्रहण झालं. आता टीका. समीक्षकाने दोष दाखवला नाही तर त्याने पुस्तक वाचलंच नाही असं लोक म्हणतात.

पहिला दोष चौथ्या अंकाच्या जागेचा. चार भागांत आवरणं चौथं, म्हणून नवशिक्या ते चौथ्या ओळीत लिहितो. आणि टेस्ट तिसऱ्या ओळीवर नापास झाली की तिथेच थांबते, चौथी ओळ येतच नाही. म्हणजे सगळं सुरळीत असेल तेव्हा स्वच्छता होणार, आणि बिघाड होईल त्याच दिवशी पसारा तसाच राहणार. नापास झालेला मुलगा घरी येऊन दप्तर जागेवर ठेवतो का? मेझारोस यांना हे ठाऊक आहे. आवराआवरीच्या निरनिराळ्या पद्धती ते एकामागून एक सांगतात. शेवटच्या ओळीत स्वतः आवरणं भाबडं आहे, हे सांगतात. टेस्ट पास होवो की नापास, चौकटीनेच आवरण्याचा भाग हटकून बोलवावा, ही दुसरी पद्धत. आणि तिसरी मला फार आवडली. वस्तू निर्माण केली की त्याच क्षणी तिचं नाव एका यादीत टाकायचं. शेवटी कुणीही, कसंही, यादी वाचत जायचं आणि पुसत जायचं. काय काय आणलं होतं ते आठवत बसायचं नाही.

माझं म्हणणं असं की ही पद्धत ६८ पैकी एक म्हणून सांगण्यासारखी नाही. ती पहिल्या पानावर ठळक अक्षरांत हवी होती. आवरण्याची सोय शेवटी करायची नसते, ती आणतानाच करायची असते. सगळ्या ग्रंथाचं सार मला तरी एवढंच दिसलं, आणि लेखकाने ते इतर ६७ भावंडांबरोबर एकाच पंगतीला, एकाच मापाच्या पानावर वाढलं आहे. पुढच्या लोकांनी मात्र ते उचललं. ‘गो’ नावाच्या भाषेत २०२० पासून, वस्तू घेतली की तिथल्या तिथे ‘हिचं नंतर असं आवरायचं’ एवढं नोंदवून ठेवता येतं, आणि शेवटी त्या नोंदी उलट्या क्रमाने अमलात येतात. शेवटी आलेलं आधी जातं. हा क्रम आम्हाला नवा नाही. डोंबिवलीला दारात लटकून शेवटी चढणारा माणूसच ठाण्याला पहिला उतरतो. आत आधी शिरलेल्याने मध्येच उतरायचं म्हटलं तर काय होतं, ते त्याच्या शर्टाच्या बटणांना विचारावं.

दुसरा दोष असा की मागे राहिलेल्या पसाऱ्याचे परिणाम किती दूर जातात, याची धास्ती वाचकाला पुरेशी वाटत नाही. ग्रंथ २००७ चा, त्यामुळे एक खटला त्यात येणं शक्य नव्हतं. आमच्या धंद्यातला असल्यामुळे तो मी जोडतो. अमेरिकेतल्या सिटीग्रुपच्या शेअर दलालीच्या कंपनीत नव्वदच्या दशकात प्रोग्रामात एक सूचना लिहिली गेली : ०८९ ते १०० हे शाखाक्रमांक टेस्टचे आहेत, सरकारला माहिती देताना ते वगळा. योग्यच सूचना. पुढे १९९८ च्या सुमारास शाखांना आकड्यांत अक्षर मिसळलेले नवे क्रमांक मिळू लागले. प्रोग्रामला तेही टेस्टचेच वाटले. खऱ्या शाखा, खरे व्यवहार, आणि प्रोग्राम ते खोटे समजून बाजूला टाकतो आहे! मे १९९९ पासून एप्रिल २०१४ पर्यंत हे चाललं. २६,८१० व्यवहार कळवायचे राहून गेले. २०१६ साली, आपल्याकडच्या सेबीसारखं त्यांचं जे खातं आहे, त्याच्याशी कंपनीने ७० लाख डॉलर दंडावर तडजोड केली. टेस्टची एक ओळ मागे राहिली होती, पंधरा वर्षं. आमच्याकडे सस्पेन्स खात्यात पंधरा दिवस एक नोंद राहिली तर ऑडिटर चहा घेत नाही.

तिसरा मुद्दा आवरण्याच्या अतिरेकाचा. आमच्या हिला दिवाळीच्या आधी आवरायचा झटका येतो तेव्हा मी माझी कागदपत्रं घेऊन बँकेत जातो. कॉम्प्युटरलाही हा झटका येतो. व्हिडिओ गेम विकणाऱ्या ‘स्टीम’च्या लिनक्सवरच्या प्रोग्रामात एक ओळ होती, ‘अमुक फोल्डरमधलं सगळं पुसून टाक’ अशी. त्या अमुकच्या जागी काहीच नाव आलं नाही, तर उरलेल्या ओळीचा अर्थ होतो, ‘सगळं पुसून टाक’. २०१५ च्या जानेवारीत हे उघडकीला आलं तेव्हा लोकांची कागदपत्रं, फोटो, सगळं गेलेलं होतं. मौज म्हणजे त्या ओळीच्या वरच प्रोग्राम लिहिणाऱ्याने ‘भीतीदायक!’ असा शेरा मारून ठेवला होता. फाइलीवर शेरा मारला की आपली जबाबदारी संपते, ही समजूत फक्त सरकारी कचेऱ्यांत आहे असं मी समजत होतो. ही ओळ टेस्टमधली नव्हती. पण यादी न करता अंदाजाने आवरलं की असंच होतं. आपण आणलेलं तेवढंच आपण न्यावं, हा नियम पाहुण्यालाही आहे आणि टेस्टलाही.

आणि चौथा मुद्दा, जिथे माझं या आवराआवरीच्या शास्त्राशीच पटत नाही. मागे राहिलेलं सगळंच केर नसतं. नापास झालेल्या टेस्टने मागे ठेवलेली फाइल हा पुरावा असतो. चोरी झालेल्या घरात पोलीस यायच्या आधी फरशी पुसणाऱ्या मोलकरणीला कुणी स्वच्छ म्हणत नाही. ‘पायटेस्ट’ नावाची टेस्ट चालवणारी एक व्यवस्था आहे, तिने हे नीट जाणलं आहे. ती प्रत्येक टेस्टला नवं कोरं फोल्डर देते, शेवटच्या तीन खेपांची फोल्डरं ठेवते आणि त्याआधीची काढून टाकते. २०२३ पासून तिला असंही सांगता येतं, की पास झालेल्यांचं ठेवू नकोस, नापास झालेल्यांचं तेवढं ठेव. हे वाचून मला गहिवरून आलं. नापास झालेल्यांचं जपून ठेवणारी व्यवस्था मी शाळेत असताना कुणी का काढली नाही!

भाचा दुसऱ्या दिवशी दहाच्या मीटिंगला गेला. मी खिडकी नंबर तीनवर बसलो होतो, पण लक्ष फोनकडे. एका बाईंची विड्रॉअल स्लिप मी दोनदा उलटी धरली. सव्वाअकराला फोन आला. मीटिंगमध्ये त्याने पहिल्या वाक्यालाच सांगितलं होतं, की आवरायचा भाग मी लिहिला नव्हता. साहेब गप्प राहिले. मग म्हणाले, “माझ्याही सोळा टेस्टमध्ये नाहीये. आता सगळ्यांच्या तूच बघ.” नोकरी राहिली, काम वाढलं. आता प्रत्येक टेस्टला रोज नवं रिकामं फोल्डर मिळतं, फाइल निर्माण झाली की तिचं नाव त्याच क्षणी यादीत जातं, आणि ‘फाइल आहे का’ एवढंच न विचारता ‘आजची आहे का’ असंही विचारलं जातं. त्या पतपेढीतली सर्टिफिकेटं त्याच आठवड्यात निघाली. महिना संपायला चार दिवस होते.

इथे परीक्षण संपायला हवं. पण लोकलमध्ये ठाणे-डोंबिवलीच्या दरम्यान माझ्या डोक्यात एक किडा शिरला, आणि तो ग्रंथाचाच असल्यामुळे इथेच सांगतो.

वस्तू आणतानाच तिच्या आवरण्याची नोंद करून ठेवणं. हे मी कुठेतरी पाहिलं होतं. कुठे? तर खिडकी नंबर तीनवर, रोज. खातं उघडायच्या फॉर्मवर नॉमिनीचा एक रकाना असतो. ‘आपल्या पश्चात पैसे कुणाला द्यायचे’ हे खातं उघडतानाच लिहून घ्यायचं. लोक बिचकतात. ‘नंतर लिहू’ म्हणतात. आणि मग कधीतरी त्यांची बायको काउंटरवर येते, हातात मृत्यूचा दाखला आणि मुलांच्या सह्यांचे कागद घेऊन. काही ठिकाणी तर कुणी येतच नाही. दहा वर्षं खात्याला हात लागला नाही की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तशी २०१४ सालची योजनाच आहे. वारसाला मागितली की परत मिळते, पण आधी माहीत तर हवं! अशा पैशांचा शोध घ्यायला २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाचं पोर्टल काढावं लागलं, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात. मी स्वतः शेकडो लोकांना समजावून तो रकाना भरून घेतला आहे. कुणी टाळाटाळ केली तर थोडं भाषणही देतो. शाखेत त्या भाषणाला माझा कार्यक्रम म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी माझं स्वतःचं खातं उघडून बघितलं. नोकरीला लागलो त्या आठवड्यात काढलेलं, पगाराचं. नॉमिनी आहे. नाव आईचं.

आईला जाऊन नऊ वर्षं झाली.

तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं, दुसरं कुठलं नाव लिहिणार? पुढे लग्न झालं, मुलगी झाली, आई गेली, आणि हा रकाना तसाच राहिला. मी खात्याकडे बघायचो तेव्हा नॉमिनी ‘आहे’ एवढंच बघायचो. रकाना भरलेला, म्हणजे हिरवा दिवा. भाच्याला त्या रात्री मी जे बोललो नव्हतो ते सगळं स्वतःला ऐकवलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत नॉमिनी बदलायचा फॉर्म भरला. बायकोचं नाव, मुलीचं नाव. दोन मिनिटांचं काम. मग रेकॉर्डमधून जुना फॉर्म काढून घेतला. माझं तेव्हाचं सुबक अक्षर. ‘नाते’ या शब्दापुढे लिहिलेलं ‘आई’. ‘वय’ या शब्दापुढे ५४. मूळ कागद बँकेचा, तो जागेवर ठेवला. एक झेरॉक्स काढली. पायटेस्ट तीन ठेवतं, मी एक ठेवली.

कागद चांगला आहे. अजून पिवळासुद्धा पडलेला नाही.